तेवीस नंबरचा उजवा पाय

माझ्या ओळखीतला सगळ्यात वेगवान माणूस ताशी चाळीसच्या वर गाडी नेत नसे.

हे माझ्या मावशीचे यजमान. आम्हा भाचरांचे काका. अंधेरीहून गोरेगावला लग्नाला जायचं असलं आणि गाडी काका चालवणार असले, की आमची आई आदल्या दिवशीच म्हणायची, "घरूनच जेवून निघू या गं. आपण पोचेपर्यंत त्यांच्याकडे पहिली मंगळागौर चाललेली असेल." रिक्षा आम्हाला मागे टाकत. दुधाचे कॅन लटकवलेल्या सायकली मागे टाकत. एकदा तर एक वरात आम्हाला ओलांडून गेली आणि तिच्यातल्या घोड्याने जाता जाता मान वळवून आमच्याकडे बघितलं, असं माझा भाऊ आजही शपथेवर सांगतो. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकत आणि काका आपले स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, पूजेला बसल्यासारखे शांत.

आणि हाच माणूस तरुणपणी मोटारींच्या शर्यतीत पळायचा. नुसता पळायचा नाही, भल्याभल्यांना धूळ चारायचा. अंधेरीच्या आमच्या चाळीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. "तेवीस नंबर आले का?" "तेवीस नंबर जेवतायत." पोस्टमनसुद्धा पत्रावरचं नाव न वाचता ओरडायचा, "तेवीस नंबर!"

मी कॉलेजात असताना, म्हणजे जगातल्या सगळ्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं अशा वयात, एकदा त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही एवढे रेसर. मग हे बैलगाडीसारखं काय चालवता?"

काकांचे वडील गिरणीकामगार. बाराव्या वर्षी काका मालवणकडून मुंबईला आले आणि पुढे सगळा जन्म इथेच काढला, पण जीभ तिकडेच ठेवून आले होते. म्हणाले, "गो बाय, शर्यतीत सगळे एकाच दिशेक जातत. आणि सगळे आपल्या मर्जीन उतरलेले असतत. हय समोरसून शाळेतली पोरां येतत. त्यांका कोणी इचारल्यान हा, शर्यतीत उतरतास काय म्हणान?"

मी हात जोडले. माझ्या बाबतीत हे फार वेळा झालेलं नाही.

काका टॅक्सी चालवत. काळी-पिवळी, स्वतःची. आणि शर्यतीत उतरायची तीही हीच. हल्लीच्या मुलांना हे सांगितलं तर थापा वाटतात. पण तेव्हा उपनगरातल्या एका विमानांच्या धावपट्टीवर वर्षातून दोन-तीनदा, रविवारी, शर्यती होत. गवताचे भारे आणि रिकामे ड्रम मांडून वळणं तयार करायची, दोरी बांधून प्रेक्षकांना मागे ठेवायचं. मोठ्या शौकिनांच्या परदेशी गाड्या होत्याच, पण दुपारचा एक गट साध्या, रस्त्यावरच्या गाड्यांचा असे. चालू ब्रेक आणि डोक्यावर हेल्मेट असलं की आत सोडत. त्या गटात काका आपली टॅक्सी घालत.

शर्यतीच्या दिवशी सकाळी चाळीत एक सोहळाच असे. आधी मीटर काढायचा. मग टपावरचं कॅरिअर. मग मागची अख्खी सीट उचलून वर आणायची आणि गॅलरीत ठेवायची. गाडी जेवढी हलकी तेवढी पळते, हे त्यामागचं शास्त्र. आम्हा पोरांना शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. आमच्यासाठी रविवारी गॅलरीत सोफा येत असे. सात-आठ जण त्या सीटवर दाटीवाटीने बसून शेंगा खायचे आणि कोण खिडकीशी बसणार यावरून भांडायचे, खिडकी नसताना. शेवटी काका चुन्यात थोडा डिंक कालवून दोन्ही दारांवर बोटानेच आकडा काढत. तेवीस. कारण खोली नंबर तेवीस. संयोजकांनी विचारलं, "कोणता नंबर हवा?" तेव्हा या गृहस्थांनी पत्ता सांगितला होता.

सोमवारी चुना पुसून, मीटर आणि सीट बसवून गाडी पुन्हा धंद्याला. पण डिंकामुळे आकडा पुरता जात नसे. काळ्या दारावर पुसट तेवीस दिसत राही. एखादा प्रवासी विचारायचा, "ये तेईस क्या है भाई?" काका म्हणत, "रोल नंबर है साहब. अभी पढाई चालू है."

त्या दिवसांचा एकच फोटो घरात होता. टॅक्सी वळणावर इतकी कललेली, की आतली दोन चाकं जमिनीवरून सुटलीत. मागे धुळीचा लोट. आणि खिडकीतून दिसणारा काकांचा चेहरा कसा, तर वर्सोव्याला कोळणीसमोर उभं राहून बोंबील ताजे आहेत की नाहीत हे ठरवणाऱ्या माणसासारखा. घाई नाही, त्वेष नाही. नीट बघणं चाललंय. तो फोटो मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिला असेल. दर वेळी वाटायचं, हा माणूस आपल्याशी पत्ते खेळतो!

शर्यतीला काका अनवाणी बसत. बाकीच्यांचे पातळ तळव्यांचे परदेशी बूट, हातमोजे. हे चपला शर्यत सुरू करणाऱ्या झेंडेवाल्याजवळ काढून ठेवत. देवळात आणि शर्यतीत चप्पल नको, असं त्यांचं म्हणणं. पेडलखाली गाडी काय बोलते ते तळव्याला कळलं पाहिजे. त्यांच्या उजव्या तळव्याला बोटांच्या खाली एक घट्टा होता, रुपयाएवढा, दगडासारखा टणक. त्या पायाबद्दल ते तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं बोलत. "आज त्येका बरा वाटत नाय." "त्येका तो रस्तो आवडत नाय."

कानही तसेच. पुढे चाळ पडली, टॉवर झाला, काका-मावशी अकराव्या मजल्यावर गेले. टॅक्सीची ती मागची सीटही त्यांच्याबरोबर वर गेली. टॅक्सी कधीच भंगारात गेली होती, पण ती सीट काकांनी सोडली नव्हती. बाल्कनीत ठेवलेल्या त्या सीटवर बसून ते खालच्या गाड्या ऐकत. "चवथ्या माळ्यावरच्या डॉक्टराक सांग, तुझ्या गाडीचो पट्टो रडता." डॉक्टर हसले. तिसऱ्या दिवशी तो पट्टा भर रस्त्यात तुटला आणि डॉक्टर वर येऊन काकांच्या पाया पडायचेच बाकी राहिले. त्यानंतर सोसायटीतल्या कोणीही गाडी विकत घ्यायची ठरवली की तो आधी ती खाली आणून उभी करायचा आणि वर बघायचा. काका अकराव्या मजल्यावरून मान हलवत. होकार की नकार एवढंच.

अशा माणसाची भाची असून मी अडतिसाव्या वर्षापर्यंत गाडीला हात लावला नव्हता. मुलुंडहून नोकरीसाठी रोज पवईच्या पलीकडे जायला लागायचं, म्हणून नवऱ्याने जुनी छोटी गाडी घेतली आणि मी शिकायला निघाले. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. दुसऱ्या वेळी तर परीक्षा घेणारे साहेब गाडीतून उतरून थोडा वेळ नुसतेच झाडाखाली उभे राहिले. शेवटी काका म्हणाले, "माझ्याकडे ये."

महिनाभर दर रविवारी त्यांनी मला शिकवलं. मी सोसायटीचा कठडा फोडला, एक कुंडी फोडली, वॉचमनची खुर्ची चिरडली. वॉचमन सुदैवाने चहाला गेला होता. काकांचा आवाज एकदाही चढला नाही. मी म्हटलं, "काका, मला भीती वाटते." तर म्हणाले, "घाबर गो. घाबरूक काय हरकत नाय. माका पण वाटायची. पण भिती पोटात ठेव, पायात उतरूक देव नको." गाडीबद्दल इतकं शहाणपणाचं वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. गाडीबद्दलच असं नाही.

आणि मग तो रविवार. मी परत मुलुंडला निघाले होते, काका म्हणाले चल, तुला सोडतो आणि बसने परत येतो. गाडी तेच चालवत होते. मी शेजारी, मांडीवर मावशीने दिलेली सोलकढीची बरणी. पवईच्या उतारावर, भर दुपारी, आमच्या पुढे लोखंडी पाइप भरलेला टेम्पो होता. त्याचा दोर तुटला.

त्या क्षणी काय झालं हे मला आजही नीट सांगता येत नाही. पाइप रस्त्यावर आपटले, उड्या मारत आमच्याकडे आले. डावीकडे बस, उजवीकडे दुभाजक. मी डोळे मिटले असते, पण तेवढाही वेळ नव्हता. गाडी एकदम एका बाजूला घसरली, मग दुसऱ्या बाजूला, आणि मग आम्ही टेम्पोच्या पुढे होतो. पाइपांना न शिवता, बसला न खरचटता. काकांनी गाडी हळूच कडेला घेतली आणि काटा पुन्हा चाळिसाच्या खाली आणून ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

सोलकढी माझ्या साडीवर सांडली होती. काकांनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "सांडली मा? मगे वायच चुकला माझा."

मला हसावं की रडावं कळेना. मान खाली घातली तर दिसलं, त्यांचा उजवा पाय अनवाणी होता. चप्पल बाजूला, नीट ठेवल्यासारखी. ती त्यांनी कधी काढली? टेम्पोचा दोर तुटण्याआधी? त्यांनी तो दोर ऐकला होता का? विचारलं तर म्हणाले, "माका काय ठावक? त्येका इचार," आणि पायाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मी फोटोतला माणूस प्रत्यक्ष पाहिला. पुढचे काही दिवस मी त्यांच्याशी पत्ते खेळताना मुद्दाम हरत होते.

आता एका हाताची गोष्ट सांगायला हवी. आमच्या घराण्यात एकही लग्न या गोष्टीशिवाय पार पडलेलं नाही. जेवणं झाली, पानं आली, की कोणीतरी म्हणायचंच, "तेवीस नंबर, ते हाताचं सांगा ना!"

त्या वर्षी साध्या गाड्यांच्या गटात जो पहिला येईल त्याला एक मोठा गॅरेजवाला मद्रासच्या शर्यतीला नेणार होता. स्वतःची तयार केलेली गाडी देणार, पुढे कायमचा ड्रायव्हर म्हणून ठेवणार. टॅक्सी सुटली असती. काका कुठल्या कुठे गेले असते. शर्यत पंधरा फेऱ्यांची. बाराव्या फेरीत एक गाडी गवताच्या भाऱ्यांवर चढून उलटली. ड्रायव्हर कपडे झटकत बाहेर आला, पण गाडीची चाकं कितीतरी वेळ हवेत फिरत होती. काका सगळ्यांच्या पुढे होते. शेवटची फेरी. शेवटचं वळण. मागचा गडी चांगला चार गाड्यांच्या अंतराने मागे. आणि दोरीजवळच्या गर्दीतून कोणीतरी हात वर केला.

"आणि?" सगळे ओरडायचे, गोष्ट पाठ असून.

"आणि काय? पाय टॅक्सीवाल्याचो! हात दिसलो की थांबता!" काका उजवा पाय उचलून दाखवत. "सरळ ब्रेकार गेलो. पाठचो सुटलो तो सुटलोच. माझ्या मनात इला, दार उघडून इचारूया, खय जावचा साहेब?"

हशा. टाळ्या. "कोण होता तो हात करणारा?" "कोणाक ठावक! मेल्याक बोरिवलीक जावचा असात." पुन्हा हशा. पाहुणेमंडळी हसून हसून डोळे पुसायची. कोणीतरी म्हणायचं, "वाट लावली यार त्या माणसाने तुमची!" काका मान डोलावत.

मावशी या गोष्टीला कधी बसलेली मला आठवत नाही. गोष्ट सुरू झाली की तिला चहाचं काही तरी बघायचं असे. आम्हाला वाटायचं, शंभरदा ऐकून बिचारी कंटाळली असेल. आई मात्र त्या दिवसाची आपली एक पुरवणी जोडायची. शर्यतीच्या दिवशी आई आम्हा पोरांना घेऊन चाळीत थांबली होती. मी तेव्हा सहा वर्षांची, सीटवर झोपलेले. मावशी शर्यत बघायला कधीच जात नसे, तिला ते सहन होत नसे. "त्या दिवशी म्हणाली, वर्सोव्याहून पापलेटं आणते, हे जिंकून आले की करू," आई सांगायची. "आणि आली ती रिकामी पिशवी घेऊन. म्हणे बाजारात काही नव्हतं. ते हरून आले, ती रिकामी आली. आम्ही पिठलं खाल्लं."

मावशीची आणखी एक गंमत होती. ती रिक्षाला हात करत नसे. बाजारातून दोन जड पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला नुसती उभी राही, रिक्षा एकामागून एक पुढून जात. मी चिडायचे, "अगं मावशी, हात कर ना! त्याला कसं कळणार?" ती म्हणायची, "तूच कर गं." आम्ही तिची टिंगल करायचो. टॅक्सीवाल्याची बायको, रिक्षाला हात करणं कमीपणाचं वाटतं तिला! ती हसून सोडून द्यायची. मुंबईत वाढलेली, बोलायला फटकळ, भाजीवाल्याला रडवणारी बाई. पण तिचा हात कधी वर गेला नाही.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काकांनी गाडी सोडली. कोणाला सांगावं लागलं नाही. एका दुपारी घरी आले आणि टॅक्सीनंतर घेतलेल्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "आज एक बाई माका उशिरा दिसली," एवढंच म्हणाले. काही झालं नव्हतं. ते वेळेवर थांबले होते. पण उशिरा दिसली, एवढं त्यांना पुरे होतं. ज्या माणसाने भल्याभल्यांसमोर पाय मागे घेतला नाही, त्याने एका अनोळखी बाईसाठी जन्माचं काम एका वाक्यात संपवलं. आम्ही आपले साधा मोबाइल बदलायचा तर महिनाभर चर्चा करतो.

शेवटच्या वर्षात ते फारसे खाली उतरत नसत. मी शनिवारी जायचे. एकदा मावशी देवळात गेली होती, आम्ही दोघं बाल्कनीत त्या जुन्या सीटवर बसलो होतो. खाली कोणीतरी रिक्षा थांबवली. मला सहज आठवलं, म्हणून विचारलं, "काका, खरं सांगा. तो हात कोणाचा होता?"

मला वाटलं, बोरिवलीचा विनोद येणार.

"तुझ्या मावशीचो," म्हणाले.

"मावशीचा? ती तर बाजारात गेली होती!"

"ती गाडी उलटली मा, तेव्हा ती थयच उभी होती. माका ठावक नव्हता ती इली हा म्हणान. शेवटच्या वळणार दिसली. हात असो वर केलेलो. हातात माशांची पिशवी."

"एवढ्या वेगात तुम्ही पिशवी ओळखलीत?"

"बायकोची पिशवी खयच्याय वेगात ओळखता येता, गो."

मी म्हटलं, "मग तो पाय... म्हणजे सवयीने गेला, की तुम्हीच थांबलात?"

ते हसले. "पाय काय भाड्यान आणलेलो होतो? माझोच होतो मा? तिना थांब म्हटल्यान. थांबलंय." मग म्हणाले, "तिका वाटता, माका दिसला नाय. दिसला म्हणान कळला, तर जन्मभर मनाक लावन घेतली असती. मगे मी पायाचा नाव केलंय. पायाक काय, तो कोणाक काय बोलता? तू सांगा नको तिका."

मी नाही सांगितलं. घरात कुठली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती खरी आहे. पण ही राहिली. मला राहून राहून आठवत होती ती लग्नं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा माणूस भर मांडवात स्वतःचं हसं करून घेत होता, पाय उचलून दाखवत होता, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. त्या वळणावर त्यांनी काय सोडलं हे आम्हाला माहीत होतं. कोणासाठी, ते माहीत नव्हतं. दोन चाकांवर टॅक्सी वळवणं मोठं की हे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काही महिन्यांनी काका गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता. सकाळी सगळे जमले. सोसायटीतली माणसं, जुन्या चाळीतली उरलेली चार म्हातारी मंडळी, दोन-तीन टॅक्सीवाले. चौथ्या मजल्यावरचे डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून रडत होते. मावशी वरच राहिली. म्हणाली, मी खाली येत नाही, मला ते बघवणार नाही. कोणी आग्रह केला नाही. काकांना खाली आणलं, शववाहिनीत ठेवलं, माझा भाऊ पुढे बसला. आम्ही बायका गेटच्या आत उभ्या राहिलो. गाडी सुरू झाली. मला उगाच वाटलं, काका असते तर म्हणाले असते, हिचो पट्टो बदलूक होयो.

गाडी गेटच्या दिशेने निघाली आणि माझ्या बाजूने कोणीतरी पुढे आलं. मावशी होती. कधी खाली आली, कळलं नाही. ती गेटजवळ गेली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिने हात वर केला.

सरळ, उंच. रिक्षाला करतात तसा.

शववाहिनीचा ड्रायव्हर तरुण पोरगा होता, त्याने गप्पकन ब्रेक दाबला. मावशी मागे गेली, दार उघडायला लावलं. चादरीबाहेर काकांचे पाय होते, अनवाणी. तिने उजव्या तळव्यावरच्या त्या घट्ट्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"थांबले बघ," ती मला म्हणाली. "त्या दिवशीही असेच थांबले होते."

मी तिचा दुसरा हात धरला.

"तुला सांगितलं असेल त्यांनी. मला सांगू नको म्हणाले असतील." मी मान डोलावली. "मला तेव्हाच कळलं होतं गं. माझ्याकडे बघूनच पाय काढला त्यांनी. घरी आले आणि म्हणाले, कोणीतरी हात केला. म्हटलं, विचारतील एकदा तरी. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी, की हो, मीच. मला भीती वाटली. पण विचारलंच नाही. मग मी पण पुन्हा कधी हात केला नाही. कोणालाच."

तिने चादर पायांवर नीट केली, दार लावून घेतलं आणि पुढे ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली. तो बिचारा घाबरून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता.

"जा आता," मावशी म्हणाली. "पण सावकाश ने हां, बाळा. चाळीसच्या वर नको. ह्यांना चालत नाही."

गाडी निघाली. आम्ही गेटमधून बघत होतो. मागून रिक्षा येत होत्या, हॉर्न वाजवत होत्या, एकामागून एक पुढे जात होत्या. तो पोरगा शेवटच्या वळणापर्यंत चाळिसाच्या वर गेला नाही.